तोंड वाकडं न करता

बारकीनं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं नाही. झालं ते एवढंच. दिवाणखान्यातली सगळी माणसं तिचं तोंड वाकडं व्हायची वाट बघत होती, हसायच्या तयारीत बसली होती, आणि तोंड वाकडं झालं नाही हे ध्यानात यायच्या आत हसलीसुद्धा. ओठांवर आणून ठेवलेलं हसू परत आत घेणं कुणाला जमलं नसतं. पण पोरीच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. नाक मुरडलं नाही, डोळे मिटले नाहीत, खांद्याला शहारा नाही. पाणी प्यावं तशी प्याली, ग्लास खाली घेतला आणि वरच्या ओठावरचा फेस जिभेनं पुसून टाकला. समोर खाऱ्या दाण्यांची बशी मांडीवर घेऊन तिची आई बसली होती. तिनं ते पाहिलं आणि हातातला दाणा परत बशीत टाकला. बीअर कडू असते. पंधरा वर्षांच्या मुलीची जीभ ती पहिल्यांदा अशी गिळत नाही. हा घोट पहिला नव्हता, आणि ही गोष्ट त्या भरल्या खोलीत तिच्या एकटीच्याच लक्षात आली होती.

ग्लास दिला होता आतोबांनी. आतोबा म्हणजे तिच्या नणंदेचा नवरा, बारकीच्या आत्याचे यजमान. पोरगी त्यांना आतोबा म्हणायला लागली तसं सगळं घरच म्हणायला लागलं. त्यांना बढती मिळाली होती, म्हणून रविवारी दुपारी चार माणसं बोलावली होती. आतोबा वाईट माणूस नव्हता, हीच तर खरी पंचाईत होती. कुणी आजारी पडलं की डबा घेऊन पहिला हजर. कुणाचं घर बदलायचं असेल तर बाह्या सरसावून कपाट उचलणार. पोरांचे ते लाडके, कारण ते पोरांना पोरं समजत नसत. बारकीच्या हातात ग्लास देताना त्यांनी खोलीकडे वळून भाषणही केलं होतं, की घरात आपल्या डोळ्यांसमोर घेतली तर बाहेर जाऊन चोरून घेणार नाही, मुलांना शिकवावं लागतं, झाकून ठेवलं की हाव सुटते. माणसांनी माना डोलावल्या. तिच्या नवऱ्यानंही डोलावली, जराशी, अर्धवट, कुणी विचारलंच तर मानेला रग लागली होती म्हणता येईल इतपत.

बारकीची आई कवळ्या करायची. दंतवैद्याकडून साचे येत, त्यावर मेणात दात बसवायचे, वरचे खालच्यांवर नीट टेकतात की नाही बघायचं, मग हिरडीचा रंग निवडायचा. दिवसभर तोंडं हाताळायची आणि माणूस एकही दिसायचा नाही, अशी नोकरी. त्यामुळे चार माणसांत बसली की तिची नजर आपोआप तोंडांकडे जायची. आत्ताही ती बघत होती. उघडलेले जबडे, दाढांतली चांदी, मागे गेलेल्या हिरड्या, दाण्यांचे तुकडे अडकलेल्या फटी. लोक दात काढून हसत होते. कशाला, तर एका शाळकरी पोरीनं दारू प्यायली म्हणून. तिला वाटलं, ह्यांच्यापैकी एकालाही विचारलं की तुम्ही आत्ता नेमकं कशाला हसलात, तर उत्तर येणार नाही. सगळे हसतात म्हणून हसायचं. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध उभं असलेलं पोर मात्र ते हसू शाबासकीसारखं झेलत असतं.

तिच्या भावानंही झेललं होतं. तो तेव्हा सोळा वर्षांचा होता आणि ती एकोणीस. हाडकुळा, लांब हातांचा मुलगा, क्लबाच्या फुटबॉल संघाचा गोलरक्षक. त्या दिवशी अंतिम सामना जिंकला, आणि क्लबाचा सेक्रेटरी पोरांना मैदानामागच्या कपडे बदलायच्या खोलीत घेऊन गेला. कोण किती प्याला ते कुणी नीट सांगितलं नाही. एवढं मात्र सगळ्यांनी सांगितलं, अगदी कौतुकानं, की पठ्ठ्यानं तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. पहिला ग्लास तसा गेला म्हणून दुसरा. दुसरा गेला म्हणून पैज. त्याच्या आधी ह्या मुलाचं कुणी मोठ्या माणसानं कौतुक केलं नव्हतं. गोलरक्षकाचे झेललेले चेंडू लोक विसरतात, सुटलेले लक्षात ठेवतात. ती त्याला जेवायला हाक मारायला गेली तेव्हा अजून उजेड होता. मैदानावर कुणीतरी चुन्याच्या रेषा पुसत होतं. खोलीत घामाचा, चामड्याचा आणि आंबूस असा एकत्र वास. तो लांब बाकावर उताणा पडला होता, हातमोजे तसेच. तिनं हाक मारली, गालावर थापट्या मारल्या. सेक्रेटरी दारात उभा राहून म्हणाला, झोपू दे, उतरेल, पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं. आणि मागची पोरं हसली. तिनं भावाच्या तोंडाकडे पाहिलं. त्याच्या ओठांचा तो रंग तिनं पुढे इतक्या वर्षांत हिरड्यांच्या रंगांच्या पट्टीवर कितीदा शोधला. गुलाबी, फिका गुलाबी, तांबूस, तपकिरी, जांभळट. तो त्यात नाही. जिवंत माणसाच्या तोंडासाठी तो रंग बनवतच नाहीत.

पोटातलं उलटून वर आलं होतं आणि आतच अडकलं होतं. कुणी त्याला कुशीवर वळवलं असतं तर ते बाहेर पडलं असतं. एवढंच करायचं होतं. त्याला शहाणपण लागत नाही, शिक्षण लागत नाही, झोपलेल्या पोराला एका हातानं कुशीवर वळवायचं आणि शेजारी बसायचं. तिथं अकरा जण होते आणि एक मोठा माणूस होता, आणि सगळे हसत होते. भाऊ वाचला. लोक म्हणतात ना, वाचला. श्वास तुटला तेवढ्या वेळात डोक्यातलं काय काय विझलं ते नंतर महिनोन्महिने एकेक करून कळत गेलं. आता तो चाळिशीचा आहे, तिच्या घरातल्या मागच्या खोलीत राहतो. सदऱ्यावर सदरा घालतो. किल्लीला ‘ते उघडायचं’ म्हणतो. सगळ्यांत मिसळतो, बसतो, आणि सगळे हसले की तोही हसतो, फक्त जरा उशिरा, इतरांचं संपत आल्यावर. सेक्रेटरी तेव्हा हॉस्पिटलच्या फाटकात म्हणाला होता, आम्ही काय त्याच्या तोंडात ओतली? पुढे त्या सेक्रेटरीच्याच नावानं करंडक सुरू झाला. अजून देतात.

ती उठली. बशी बाजूला ठेवली. ग्लास हिसकावला नाही. बारकीची बोटं एकेक करून सोडवून घेतला, लहानपणी हातातली कात्री काढून घ्यायची तसा, आणि स्वयंपाकघरात जाऊन मोरीत ओतला. परत आली तेव्हा खोली गप्प झाली होती आणि आतोबा हसतच होते.

“अगं, चमचाभर होती,” ते म्हणाले. “पंधराची झाली की आता. कुक्कुलं बाळ आहे का?”

“चमचाभर असू दे,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “तुम्ही तिला दारू प्यायला शिकवलं नाही, आतोबा. तोंड वाकडं केलं नाही की मोठी माणसं खूश होतात, एवढं शिकवलंत. ते तिला आधीच येत होतं. कुठून, ते मला माहीत नाही.”

नवरा गालिच्याकडे बघत होता. नणंद म्हणाली, वहिनी, आज तरी नको. आज तरी नको, उद्याही नको, चार माणसांत नको, मुलांदेखत नको. तिला वाटलं, ह्या गोष्टीला मुहूर्तच नसतो, प्यायला मात्र कुठलाही चालतो. तिनं बारकीचा हात धरला आणि ती जिना उतरून खाली आली. लिफ्टची वाट बघत त्या दारापाशी उभं राहणं तिला जमलं नसतं.

कोपऱ्यावरच्या बसथांब्याच्या बाकावर दोघी बसल्या. बारकी तिच्यापेक्षा चार बोटं उंच झाली होती. जन्मली तेव्हा तळहाताएवढी होती म्हणून पडलेलं नाव आता लोक चेष्टेनंच घेत. बसली ती पाठ फिरवून. सगळ्यांसमोर माझी शोभा केलीस, म्हणाली. तुझी नाही, त्यांची केली, आई म्हणाली. एक बस येऊन गेली. रस्त्यापलीकडच्या दुकानात शोभेच्या दिव्यांसारखा उजेड सोडून बाटल्या मांडल्या होत्या, आणि दारावर पाटी होती की लहानांना मिळणार नाही. ती पाटी बघून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. दुकानदारावर पाटी लावायची सक्ती, आणि घराघरांतल्या कपाटांवर नाही. पोरं दुकानातून कुठे आणतात? पोरांना कुणीतरी आणून देतं, नाहीतर घरात आयती उभी असते, रांगेत, काचेमागे, पाहुण्यांना दिसेल अशी.

तिच्या जिभेवर प्रश्न गर्दी करून उभे होते. कुठे, कुणाबरोबर, कधीपासून, किती. ते तिनं दातांमागे धरून ठेवले, का ते तिलाही कळलं नाही. बहुधा बोलायला लागली तर आवाज फुटेल म्हणून. आणि त्या गप्प बसण्यामुळेच असेल, बारकी आपण होऊन बोलली, रस्त्याकडे बघत, तुटक. दादाच्या खोलीत. दादा म्हणजे तिचा आतेभाऊ, आतोबांचा मुलगा, तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. आत्या-आतोबा बाहेर असले की त्याचे मित्रमैत्रिणी जमतात. कपाटातली घेतात आणि बाटलीत पाणी घालून ठेवतात. पहिल्यांदा हिनं तोंड वाकडं केलं तर सगळे इतके हसले की कुणीतरी त्याचा फोटो काढला. मग दादानंच शिकवलं. घोट जिभेच्या मागच्या भागावर टाकायचा, गिळेपर्यंत नाकानं श्वास घ्यायचा नाही.

“मला आवडत नाही ती,” बारकी म्हणाली. “कुणालाच आवडत नसेल बहुतेक. पण नको म्हटलं की का विचारतात. आणि का ह्याला उत्तर नसतं.”

“मामाचं तुला माहीत आहे,” आई म्हणाली.

“माहीत आहे ना. बाबांनी सांगितलंय सगळं.” बारकी पहिल्यांदा तिच्याकडे वळली. “तिथं मामा आठवतो गं, पण तो तिथं नसतो. तिथं ते असतात.”

मग तिनं दुसरी गोष्ट सांगितली. त्यांच्यात एक जाड चष्म्याची मुलगी आहे. ती एकदा सोफ्यावर पडली ती उठेना. सगळे म्हणाले झोपू दे. कुणी म्हणालं, कॉफी पाजा, कुणी म्हणालं, गार पाण्याखाली धरा. बारकीनं तिला कुशीवर वळवलं, गुडघा पुढे दुमडला, चष्मा काढून स्वतःच्या खिशात ठेवला, आणि ती ओकून शुद्धीवर येईपर्यंत तिच्या पाठीला पाठ लावून बसून राहिली. मामाला कुणी वळवलं नव्हतं ना, म्हणून, ती म्हणाली.

हे ऐकून आईच्या डोळ्यांपुढे तो बाक आला, आणि त्या बाकाशी तिची ही लांबलचक पोर उभी राहिलेली दिसली, अकरा जणांच्या आणि एका मोठ्या माणसाच्या मध्ये घुसून. तिला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. हे काम पंधरा वर्षांच्या मुलीवर का पडावं? त्या घरात दोन मोठी माणसं राहतात. कपाट त्यांचं, बाटल्या त्यांच्या, सोफा त्यांचा, आणि पोरांना शिकवावं लागतं म्हणून भाषणंही त्यांचीच.

“मला फोन का नाही केलास?” तिनं विचारलं.

बारकी पुन्हा रस्त्याकडे वळली. “तू आली असतीस,” ती म्हणाली. “लगेच आली असतीस, मला माहीत होतं. पण मग जे बोलली असतीस ना, ते सगळं मला आधीच ऐकू येत होतं.”

हा घाव तिला अपेक्षित नव्हता. तिच्या रागाला ती आजवर घराची भिंत समजत होती. आपण एवढ्या चिडतो म्हणून पोरगी सुरक्षित आहे असं तिला वाटायचं. आणि पोरगी त्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूला बसली होती, एका बेशुद्ध मुलीच्या पाठीला पाठ लावून, कारण आत यायला दार नव्हतं. तरी राग कमी झाला नाही. हे कबूल करायला हवं, की तो रतीभरही कमी झाला नाही. फक्त त्याला कुठे उभं करायचं, ते बदललं. तिथंच बाकावर त्यांचं ठरलं. कुठूनही, कुणासाठीही फोन केला तर आई आधी येईल. त्या दिवशी एक शब्द विचारणार नाही. दुसऱ्या दिवशी मात्र विचारेल, आणि बारकी खरं सांगेल. आणि नको म्हणायला एक वाक्य हवं, तयार, खिशातल्या रुमालासारखं. त्यावर दोघींनी पुष्कळ खल केला. औषध चालू आहे म्हण, उद्या खेळायचं आहे म्हण. बारकीला ती पुचाट वाटली. शेवटी आई म्हणाली, माझ्यावर ढकल. “म्हण, माझी आई कवळ्या करते. घरी गेल्यावर तोंड उघडायला लावते आणि वास घेते. बाई वेडी आहे म्हण.”

बारकी हसली. “हे चालेल,” म्हणाली. “हे खरं वाटेल.”

आणि त्या चष्मेवालीचं नाव न घेता आत्याला सगळं सांगायचं, हेही ठरलं. बारकी त्याला तयार नव्हती. मला कुणी बोलावणार नाही मग, म्हणाली. आईनं तिला समजावलं नाही; पुढच्या खेपेला कुशीवर वळवणारी तिथं नसेल तर, एवढंच विचारलं, आणि थांबली. शेवटी बारकीनं होकाराची मान हलवली.

ती नणंदेला भेटायला गेली ती सरळ तिच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, म्हणजे चार माणसं नसतील आणि मुलंही नसतील. सगळं सांगितलं. बाटल्यांत पाणी घालतात तेही सांगितलं, कपाटाला कुलूप लावा म्हणाली. नणंदेनं ऐकून घेतलं, डब्याचं झाकण लावलं, आणि आपलं आपल्या मुलावर लक्ष आहे असं म्हणाली. मग म्हणाली, वहिनी, तुमच्या भावाचं झालं ते वाईटच झालं, पण म्हणून सगळ्या जगाकडे त्याच चष्म्यातून बघायचं का. संध्याकाळी आतोबांचा तिच्या नवऱ्याला फोन आला. नवरा फोन ठेवून म्हणाला की माफी मागून टाक, दोन शब्दांनी काय जातं. तिनं विचारलं, कशाची माफी, तेवढं सांग, मी लगेच मागते. जेवताना तो गप्प होता. मागच्या खोलीतून भाऊ आला, ताटावर बसला, आणि सगळे गप्प बघून स्वतःच हसला. तेव्हा नवऱ्यानं मान खाली घातली आणि पुन्हा माफीचं नाव काढलं नाही. दोन्ही घरांचं जाणंयेणं मात्र थांबलं. बारकीला खरंच कुणी बोलावेनासं झालं. ती घरात मामाशी पत्ते खेळायची, त्याच्या हातातली पानं त्यालाच समजावून सांगत. तिचा हा एकटेपणा बघून आईला आपण बरोबर केलं की नाही असं क्षणभर वाटायचं, आणि मग त्या वाटण्याचाच राग यायचा. नको म्हणणाऱ्या पोराला एकटं बसावं लागतं आणि पाजणाऱ्याच्या घरी मैफली झडतात, ही व्यवस्था कुणी लावली?

फोन आला तेव्हा ती कामावर होती. मेण तापलं होतं. अनोळखी नंबर, आणि मुलीचा आवाज, रडून भरलेला. बारकीच्या आई का, विचारलं. मग ती मुलगी जे बोलली ते एका दमात: बारकीचा दादा उठत नाही, आम्ही चौघंच आहोत, त्याचे मित्र म्हणतात झोपू दे, घरी कुणी कळवायचं नाही, पण बारकीनं मला नंबर देऊन ठेवला होता, ती म्हणाली होती, माझी आई आधी येते, मग विचारते. आवाज ऐकता ऐकताच तिला कळलं की ही ती चष्मेवाली. तिनं काही विचारलं नाही. सांगत गेली. कुशीवर वळव. वरचा गुडघा पुढे. तोंड खाली कलतं ठेव. हाक मारून बघ, चिमटा काढून बघ. ओठ कसे आहेत? मुलगी म्हणाली, निळसर. श्वास? आहे, मध्येच थांबतो. आधी अँब्युलन्सला फोन कर, पत्ता नीट सांग, दार उघडं ठेव, त्याला सोडून उठू नकोस. एक मुलगा मागून ओरडत होता की पोलीस येतील. त्याला सांग, मी बोलते पोलिसांशी, ती म्हणाली. तिनं मेणाखालचा दिवा विझवला आणि रस्त्यावर येऊन टॅक्सी थांबवली. टॅक्सीत ती सीटच्या काठावर बसली होती. तिला आठवत राहिलं ते एवढंच, की आपण दात इतके आवळले आहेत की कानामागे दुखतं आहे.

ती नणंदेच्या इमारतीपाशी पोचली तेव्हा दादाला खाली आणत होते. मुलगी स्ट्रेचरबरोबर जिना उतरत होती, सगळा फ्रॉक घाण झालेला. कुशीवर वळवल्यावर त्याच्या पोटातलं सगळं तिच्या अंगावर आलं होतं आणि ती जागची हलली नव्हती. बाकीची दोघं पोरं पायरीवर बसली होती, पांढरी पडलेली, दप्तरांसकट. त्यांना बघून तिला कळलं की हे मैदानामागच्या खोलीत दात काढणारे तेच चेहरे, आणि ते निव्वळ लहान होते. तेव्हाही लहानच असणार. तिच्या मनातले ते अकराही जण त्या क्षणी गळून पडले. उरला एक, दारात उभा राहिलेला मोठा माणूस. त्याला मात्र तिनं सोडलं नाही.

हॉस्पिटलच्या बाकावर नणंद तिच्याशेजारी येऊन बसली तेव्हा डॉक्टर सांगून गेले होते की मुलगा धोक्याबाहेर आहे, आणि उताणा राहिला असता तर आपण वेगळं बोलत असतो. आतोबा ऑफिसातून तसेच आले होते, गळ्यात ओळखपत्र लटकत होतं. ते मुलाला काचेतून बघून आले. त्यांचे गाल एकदम खाली उतरल्यासारखे दिसत होते, कवळी काढून ठेवलेल्या माणसासारखे. ते तिच्यासमोर उभे राहिले. आता हे काहीतरी बोलणार, तिला वाटलं, आणि मला काय बोलायचं ते मी इतकी वर्षं पाठ करत आले आहे. आतोबा हळूच म्हणाले, “एक करा. कुणी विचारलं तर खाण्यातून विषबाधा झाली म्हणा. त्याचं कॉलेज आहे, पुढचं आयुष्य आहे.”

भावाचं कुणी विचारलं की तिची स्वतःची आई ताप म्हणायची. ताप डोक्यात गेला, असं ती भाजीवालीला सांगायची, शेजाऱ्यांना सांगायची, मरेपर्यंत सांगत राहिली, पोराच्या अब्रूसाठी. आणि गल्लीतल्या बायका आपापल्या पोरांना तापाची औषधं वेळेवर द्यायला लागल्या. पुढच्या वर्षी क्लबानं पुन्हा सामना जिंकला, आणि सेक्रेटरी पोरांना घेऊन पुन्हा त्या खोलीत गेला.

“नाही,” ती म्हणाली. “मी खोटं बोलणार नाही. आणि तुम्ही बोललात तर शेजारी उभी राहून खोडून काढीन.”

आतोबांच्या चेहऱ्यावर राग आला, गेला, पुन्हा आला. ते म्हणाले असते काहीतरी. पण तेवढ्यात नणंदेचा फोन वाजला. आतोबांचा मित्र होता, त्या दुपारी बढतीच्या पार्टीला आलेला. खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी त्याला अँब्युलन्सचं कळवलं होतं. मुलाला काय झालं, तो विचारत होता. आवाज एवढा मोठा की बाकावर सगळ्यांना ऐकू येत होता. नणंदेनं नवऱ्याकडे पाहिलं. आतोबांनी मान हलवली, नाही म्हणून. तिनं वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं काहीच केलं नाही, नुसती बघत राहिली.

“दारू प्यायला,” नणंद फोनमध्ये म्हणाली. “आमच्याच कपाटातली.”

पलीकडून हसू आलं, मोकळं, खेळीमेळीचं, धीर देणारं. आता मोठा झाला म्हणायचा की, मित्र म्हणाला, आपलंही पहिल्यांदा असंच झालं होतं, झोपू द्या, उतरेल. ते हसू फोनमधून त्या पांढऱ्या बोळात सांडत राहिलं. आतोबा ते ऐकत होते. त्यांनी भिंतीला हात टेकला. त्यांचे ओठ सवयीनं थोडे उघडले, आणि मिटले.

“हसू नका,” नणंद म्हणाली. पलीकडच्याला ऐकू गेलं नसावं, तो बोलतच होता. तिनं फोन दोन्ही हातांत धरला आणि त्या बोळातली सगळी माणसं वळून बघतील अशा आवाजात पुन्हा म्हणाली, “हसू नका.”